ढेप दारात आहे, पण ती ब्रॉयलरला चालेल का?

सोयाबीन डीओसीचा, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीचा, भाव चढला की जळगाव-धुळे पट्ट्यातल्या ब्रॉयलर पाळणाऱ्यांचे प्रश्न एकाच वळणावर येतात. जिनिंगशेजारी तेलमिल, तेलमिलच्या दारात सरकीच्या ढेपेची थप्पी, जळगावच्या दालमिलमधून निघणारी चुनी, धुळ्याकडचा भुईमूग, घरच्याच शेतातले सोयाबीन. एवढा प्रथिनांचा माल दारात असताना लांबून येणारी महागडी डीओसी का घ्यायची? दुसरा प्रश्न गिऱ्हाइकांकडून येतो: मासळीची भुकटी न घालता निव्वळ वनस्पतीच्या खाद्यावर वाढवलेला पक्षी जास्त निरोगी असतो का? तिसरा प्रश्न करारावर पक्षी वाढवणाऱ्यांचा: कंपनीचे खाद्य आले, लिटर (शेडमधले तुसाचे अंथरूण) ओले झाले, वजन बसेना, आता दाद कुणाकडे मागायची?

या तीनही प्रश्नांची उत्तरे इथे आहेत. शास्त्र निर्णयापुरतेच घेतले आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा

कोंबडीला ‘प्रथिने’ लागत नाहीत, तिला प्रथिनांतली अमिनो आम्ले लागतात, आणि तीही ठरावीक प्रमाणात. ब्रॉयलरमध्ये सर्वांत आधी कमी पडतात ती दोन: मेथिओनिन आणि लायसिन. पोत्यावर २२ टक्के प्रथिने लिहिलेली असली आणि लायसिन कमी असले, तर पक्षी त्या लायसिनच्या मापानेच वाढतो. उरलेली प्रथिने शरीर जाळते, त्यातला नायट्रोजन युरिक आम्ल होऊन विष्ठेत जातो, आणि शेडमध्ये अमोनियाचा वास वाढतो. म्हणजे खाद्याचे पैसे लिटरमध्ये जातात आणि वर पक्ष्याचे डोळे चुरचुरतात.

भारतीय मानक आयएस १३७४ प्रमाणे ब्रॉयलरच्या खाद्यात किमान एवढी प्रथिने असावीत:

- प्रीस्टार्टर: २३ टक्के
- स्टार्टर: २२ टक्के
- फिनिशर: २० टक्के

ओलावा ११ टक्क्यांपेक्षा जास्त नको. तंतू म्हणजे चोथा जास्तीत जास्त ५ टक्के. तुमच्या दारातला निम्मा माल या चोथ्याच्या अटीवरच बाद होतो. म्हणून कुठल्याही ढेपेचा भाव विचारण्याआधी दोन आकडे विचारा: प्रथिने किती आणि चोथा किती.

निव्वळ वनस्पतीच्या खाद्यावर ब्रॉयलर निरोगी राहतो का?

राहतो. मका आणि सोया डीओसी यांवर उभे असलेले, मासळी किंवा हाडामांसाची भुकटी नसलेले खाद्य जगभर चालते आणि पक्षी त्यावर उत्तम वाढतो. उलट बाजारातल्या स्वस्त सुकटीत वाळू, मीठ आणि साल्मोनेलाचे जंतू हमखास सापडतात; ते टाळले तर फायदाच आहे. मात्र मासळी काढली की तिच्यासोबत जे फुकट मिळत होते तेही जाते आणि ते हिशेबाने परत घालावे लागते. बहुतेकांची चूक इथेच होते.

- मेथिओनिन: सोयात ते कमीच असते. डीएल-मेथिओनिन वेगळे घातलेच पाहिजे. ते कमी पडले की पिसे विरळ येतात, पक्षी एकमेकांची पिसे टोचतात, छातीचे मांस भरत नाही.
- फॉस्फरस: वनस्पतीतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि कोंबडीला तो पचत नाही. फायटेज हे एन्झाइम आणि डीसीपी योग्य प्रमाणात नसेल तर पाय वाकडे होतात, पक्षी बसून राहतो.
- बी-१२ जीवनसत्त्व: ते वनस्पतीत नसते. चांगल्या प्रिमिक्समध्ये असते. म्हणून प्रिमिक्सवर काटकसर करू नका.
- मीठ आणि पोटॅशियम: सोयात पोटॅशियम भरपूर, सोडियम नगण्य. पोटॅशियममुळे पक्षी पाणी जास्त पितो आणि विष्ठा सैल होते. सोडियम मोजून द्यावे लागते. मीठ आणि खाण्याचा सोडा मिळून. तुमचे बोअरचे पाणी खारट असेल तर त्यातले मीठही हिशेबात धरा.

‘शाकाहारी कोंबडी’ म्हणून विक्री करणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला एवढेच सांगावे की खाद्यात मासळी-मांस नाही. त्यापलीकडे आरोग्याचे दावे करू नयेत. आणि सोयाबीनमुळे कोंबडीत हार्मोन शिरतात असे विचारणाऱ्याला शांतपणे सांगा: ब्रॉयलर झपाट्याने वाढतो तो जातीच्या निवडीमुळे आणि मोजलेल्या खाद्यामुळे, त्याला हार्मोन दिले जात नाहीत.

सोया डीओसी: कच्ची, जळकी आणि नीट शिजलेली

डीओसीत ४४ ते ४८ टक्के प्रथिने असतात आणि साधारण २.८ टक्के लायसिन. दुसरी कोणतीही ढेप तिच्या जवळपास येत नाही. पण तिचा गुण तिच्या भाजण्यावर अवलंबून आहे.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोखणारे घटक असतात. ते पचनरसाला काम करू देत नाहीत. स्वादुपिंड जास्त रस पाझरून पाझरून मोठे होते, खाद्य न पचता तसेच बाहेर पडते, लिटर चिकट होते. उष्णता दिली की हे घटक निकामी होतात. पण उष्णता अति झाली तर लायसिन साखरेला चिकटून बसते आणि पक्ष्याला मिळत नाही. जळक्या डीओसीचा अहवाल प्रथिने पूर्ण दाखवतो आणि पक्षी मात्र वाढत नाही. शेतकरी चक्रावतो तो इथे.

व्यापाऱ्याकडून दोन तपासण्यांचे आकडे मागा:

- युरिएज: सामू वाढ ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान असावी. जास्त असेल तर माल कच्चा.
- केओएचमधील प्रथिनांची विद्राव्यता: सुमारे ७५ ते ८५ टक्के. त्याहून बरीच खाली असेल तर माल जळका.

शेडवर करता येईल अशी एक ढोबळ चाचणी आहे. मूठभर डीओसी, चमचाभर युरिया आणि थोडे कोमट पाणी झाकणाच्या बाटलीत घालून हलवा. वीस मिनिटांनी झाकण उघडा. अमोनियाचा उग्र वास आला तर डीओसी कच्ची आहे. वास नाही म्हणजे ती कच्ची नाही, एवढेच कळते. जळकी आहे का ते नाही. त्यासाठी रंग पाहा. फिकट सोनेरी चांगली, तपकिरी आणि करपट वासाची नको. चाचणीचा नमुना खड्ड्यात टाका, जनावरांच्या दावणीत नको.

घरचे सोयाबीन वापरायचे आहे? कच्चे दळून कधीच घालू नका. कढईत भाजून घातले तर काही दाणे करपतात, काही आतून कच्चे राहतात. एक्स्ट्रूडरमधून काढलेले किंवा नीट वाफवलेले पूर्णतेल सोयाबीन मात्र उत्तम खाद्य आहे. त्यात ३६ ते ३८ टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते, म्हणजे तेलाचा वेगळा खर्च वाचतो. जवळपास एक्स्ट्रूडर नसेल तर सोयाबीन विकून डीओसी घेणेच बरे.

खान्देशच्या बाजारातला बाकीचा माल

सरकीची ढेप. सगळ्यात जास्त विचारणा हिचीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सालीसकट सरकीच्या ढेपेत २० ते २४ टक्के प्रथिने आणि त्याच तोडीचा चोथा असतो. शंभर किलो खाद्यात ती १० किलो घातली तरी चोथा दोन टक्क्यांनी वाढतो. त्यात गॉसिपॉल हे सरकीतले विषारी द्रव्य. गाई-म्हशीच्या मोठ्या पोटात ते बांधले जाते, म्हणून दुभत्या जनावराला ढेप मानवते. कोंबडीला ते पोट नाही. मोकळे गॉसिपॉल लायसिनला आणि लोहाला धरून ठेवते. वाढ खुंटते, भूक मंदावते, प्रमाण जास्त झाले तर हृदयावर परिणाम होऊन मर होते. माझे स्पष्ट मत: सालीसकट सरकीची ढेप ब्रॉयलरच्या शेडमध्ये आणूच नका. साल काढून तेल पूर्ण काढलेली, ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांची सरकी डीओसी मिळत असेल, मोकळ्या गॉसिपॉलचा अहवाल सोबत असेल आणि पशुआहारतज्ज्ञाने फेरस सल्फेटचे प्रमाण ठरवून दिले असेल, तरच फिनिशरमध्ये ५ टक्क्यांपर्यंत. पिलांच्या खाद्यात कधीच नाही.

भुईमुगाची ढेप. प्रथिने ४० ते ४५ टक्के, कोंबडी आवडीने खाते. पण लायसिन १.५ टक्क्यांच्या आसपासच, आणि मोठा धोका बुरशीच्या विषाचा. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की एका अनोळखी रोगाने मेल्या. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत धागा गेला आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळले. भुईमूग ढेप घ्यायची तर अफ्लाटॉक्सिन बी-१ चा अहवाल पाहूनच. तयार खाद्यात ते २० पीपीबीच्या वर नको, आणि पिलांसाठी जेवढे कमी तेवढे चांगले.

मका ग्लुटेन. दोंडाईचाला मक्यापासून स्टार्च काढतात. अशा कारखान्यांतून दोन वेगळे पदार्थ निघतात आणि दोघांच्याही नावात ‘ग्लुटेन’ असते. एकात सुमारे ६० टक्के प्रथिने असतात. ते पिवळेजर्द, मेथिओनिनने समृद्ध, कातडीला आणि पायांना छान रंग देणारे. लायसिन मात्र फारच कमी. ते ३ ते ५ टक्के घालता येते. दुसरा पदार्थ ग्लुटेन फीड म्हणजे मुख्यतः मक्याचा कोंडा. त्यात प्रथिने विशीच्या आसपास आणि चोथा भरपूर. तो जनावरांचा. पोत्यावर नुसते ‘ग्लुटेन’ लिहिले असेल तर प्रथिनांचा आकडा बिलावर लिहून घ्या.

डीडीजीएस. इथेनॉलचे कारखाने मका आणि तांदूळ वापरू लागले तसा हा माल बाजारात भरपूर येऊ लागला. मक्याच्या डीडीजीएसमध्ये २७ ते ३० टक्के प्रथिने, तांदळाच्या मालात त्याहून बरीच जास्त. भाव आकर्षक, पण एक गोष्ट विसरू नका: मक्यातला स्टार्च इथेनॉलमध्ये जातो आणि जे मागे उरते त्यात मूळ मक्यातले बुरशीचे विष जवळपास तिप्पट दाट होते. वाळवताना करपलेला, गडद तपकिरी माल लायसिन गमावून बसलेला असतो. सोनेरी रंगाचा, अहवालासह मिळाला तर फिनिशरमध्ये ५ टक्क्यांपासून सुरुवात करा.

तिळाची ढेप. मेथिओनिन चांगले, लायसिन कमी, आणि फायटेट-ऑक्झलेटमुळे कॅल्शियम व जस्त अडकते. थोडीशी सोयाबरोबर चालते.

तूर-हरभऱ्याची चुनी, गवारीचा कोरमा, सूर्यफुलाची ढेप. चुनीत चोथा जास्त. कच्च्या गवार कोरम्यातल्या डिंकाने विष्ठा चिकट होते आणि पिलांचे गुदद्वार लिंपते. सूर्यफूल सालीसकट असेल तर पुन्हा चोथाच. ब्रॉयलरसाठी यांचा विचार शेवटी.

अझोला, शेवग्याचा पाला. परसातल्या गावरान कोंबडीला जरूर द्या. सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाणाऱ्या ब्रॉयलरच्या पोटात पाण्याने भरलेल्या पाल्याला जागा नाही.

स्वस्त काय, ते पोत्याच्या भावावरून ठरवू नका

पुढचे भाव केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या आजच्या भावाने तो पुन्हा मांडा. सोया डीओसी ४५ रुपये किलो, प्रथिने ४६ टक्के: एक किलो प्रथिने पडली ९८ रुपयांना. सरकीची ढेप ३० रुपये किलो, प्रथिने २२ टक्के: एक किलो प्रथिने १३६ रुपयांना. स्वस्त वाटणारा माल महाग निघाला, आणि चोथा व गॉसिपॉल वर फुकट.

आता भुईमूग पाहा. शंभर किलो खाद्यातली १० किलो डीओसी काढून तेवढीच भुईमूग ढेप घातली. प्रथिने जवळपास तेवढीच राहिली. पण लायसिन १३० ग्रॅमने घटले, म्हणजे खाद्यात ते ०.१३ टक्क्याने उतरले. स्टार्टरची गरज साधारण १.२ टक्के असताना ही घट मोठी आहे. बाजारातल्या लायसिन एचसीएलमध्ये सुमारे ७८ टक्के लायसिन असते, म्हणून ही तूट भरायला त्याचे १६५ ते १७० ग्रॅम लागतील, शिवाय डीएल-मेथिओनिन १५ ग्रॅमच्या आसपास. हा खर्च धरूनच ढेप परवडते का ते पाहा.

२०२१ मध्ये सोयाबीनचे भाव गगनाला भिडले, तेव्हा ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयाबीनच्या डीओसीच्या आयातीला परवानगी दिली. असा भडका पुन्हा उडू शकतो. त्या घाईत मिळेल ती ढेप घालण्यापेक्षा बदलाची तयारी आधीच करून ठेवा. ती अशी:

1. शेडच्या एका कोपऱ्यात जाळी लावून शंभर पक्षी वेगळे काढा. नवे खाद्य आधी त्यांनाच द्या.
2. जुन्या खाद्यात नवे एकदम मिसळू नका. चौथाई, निम्मे, पाऊण असे तीन-चार दिवसांत वाढवा.
3. दर सात दिवसांनी दोन्हीकडचे पक्षी तोला. दिलेले खाद्य रोज लिहा.
4. एफसीआर काढा: खाल्लेले खाद्य भागिले वाढलेले वजन. नव्या खाद्याने किलोमागे खर्च खरोखर कमी झाला का ते पाहा. पोते स्वस्त पडले पण एफसीआर १.६५ वरून १.८० वर गेला, तर काहीच वाचले नाही.
5. प्रीस्टार्टरमध्ये प्रयोग करू नका. पहिल्या आठवड्यात पिलू आपल्या जन्मवजनाच्या चौपट तरी झाले पाहिजे; तिथे मागे पडलेले पुढे भरून निघत नाही.

बुरशी: डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो

खान्देशात मक्याचे दोन हंगाम आहेत आणि दोघांचा स्वभाव वेगळा. खरिपाचा मका परतीच्या पावसात सापडला की कणसातच बुरशी धरतो. रब्बीचा मका मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात खडखडीत वाळतो. घरी खाद्य मिसळणाऱ्यांनी वर्षाचा साठा करायचा तर रब्बीचा करा. मक्यात ओलावा १२-१३ टक्क्यांच्या वर नको. दाणा दातांखाली कडकन तुटला पाहिजे.

साठवणुकीत भिंतीपासून हातभर अंतर ठेवा, पोत्यांखाली लाकडी फळ्या घाला, दळलेला भरडा आठ-दहा दिवसांचाच ठेवा. गुठळ्या झालेले पोते ‘उन्हात वाळवून’ वापरू नका. ऊन बुरशी मारते, तिचे विष नाही. टॉक्सिन बाइंडर मदत करतो, पण सडका माल तो चांगला करत नाही.

अफ्लाटॉक्सिनने यकृत पिवळट, मोठे, बोटाने दाबताच फुटणारे होते. पक्ष्याची प्रतिकारशक्ती घटते, लसीचा परिणाम उतरतो, आणि मग रानीखेत किंवा गंबोरो आला की शेतकरी लसीला दोष देतो. एकामागून एक लॉटमध्ये लस ‘फेल’ जात असेल तर खाद्यही तपासा.

मे महिन्याचे खाद्य वेगळे असते

पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा पक्षी खाणे कमी करतो. त्यावर अनेकजण प्रथिने वाढवतात. उलटे करायला हवे. जादा प्रथिने जाळताना शरीरात आणखी उष्णता तयार होते आणि पक्षी धापून मरतो. प्रथिनांचा आकडा एखाद्या टक्क्याने खाली ठेवून मेथिओनिन-लायसिन पूर्ण द्या. ऊर्जेचा काही भाग तेलातून द्या, कारण तेल पचवताना उष्णता कमी निघते.

- सकाळी अकरा ते दुपारी चार खाद्याची भांडी वर उचला. पहाटे आणि रात्री खायला द्या.
- थंड पाणी सतत हवे. टाकीवर गोणपाट बांधा, उघड्यावरचे पाइप झाका.
- पाण्यात इलेक्ट्रोलाइट द्या, पण खाद्यातल्या मिठाचा हिशेब सोडू नका.

पक्ष्याकडे आणि लिटरकडे पाहून ओळखा

रोज सकाळी शेडमध्ये शिरल्यावर दाराशी दोन मिनिटे थांबा. नाकाला अमोनिया झोंबतो का? लिटर मुठीत दाबा. गोळा होऊन हळूहळू विस्कटले तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओले. ओल्या लिटरने तळपायाला काळे चट्टे पडतात, छातीला फोड येतात आणि कॉक्सिडिया, क्लोस्ट्रिडियम यांना आयते घर मिळते. लिटर रोज खालीवर करा, निप्पलची गळती बंद करा, आणि मगच खाद्याकडे वळा. कारण लिटर ओले झाले की दर वेळी खाद्यच दोषी असते असे नाही.

- विष्ठेत मक्याचे-सोयाचे कण न पचलेले दिसतात: डीओसी कच्ची, भरडा जाड, किंवा आतड्याचा रोग.
- पिसे विरळ, टोचाटोची: मेथिओनिन तपासा, गर्दी आणि उजेडही तपासा.
- पक्षी लंगडतो, चोच मऊ, हाड वाकते: कॅल्शियम, फॉस्फरस, डी-३.
- मेलेल्या पक्ष्याच्या यकृतावर, हृदयावर खडूसारखा पांढरा थर: गाऊट. पाण्याची कमतरता, जादा कॅल्शियम, बुरशीचे विष, अति प्रथिने यांपैकी काहीही असू शकते. पहिली नजर पाण्यावर टाका.

विष्ठा सैल दिसताच दुकानातून अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकण्याची सवय सोडा. कोलिस्टिन तर जुलै २०१९ पासून अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरायला बंदी आहे. खाद्यातला दोष औषधाने जात नाही, आणि औषधाचा अंश मांसात जातो.

अचानक मर झाली तर खाद्याचा विचार नंतर

हे ठळक लिहितो, कारण खान्देशाने याची किंमत मोजली आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू शेजारच्या नवापुरात सापडला. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही तो निघाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला तो पुन्हा आला. निकस खाद्याने पक्षी हळूहळू मागे पडतो, खाद्यातल्या विषाने मर वाढू शकते. पण एका-दोन दिवसांत झपाट्याने पक्षी पडू लागले, तुरे निळे झाले, डोकी सुजली, तर ‘खाद्य लागले नाही’ म्हणत बसू नका.

- मेलेला पक्षी उघडू नका, विकू नका, नदीनाल्यात फेकू नका.
- शेडमधून पक्षी, खाद्य, ट्रे बाहेर जाऊ देऊ नका.
- जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवा, किंवा १९६२ वर फोन करा. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने असा रोग कळवणे मालकाचे कर्तव्य आहे.

करारावर पक्षी वाढवत असाल तर

खाद्य कंपनीचे, पिलू कंपनीचे, औषध कंपनीचे. तुमचे शेड, वीज, तूस आणि श्रम. त्यामुळे कंपनीच्या खाद्यात स्वतःहून ढेप, चुनी, भरडा काहीही मिसळू नका. तसे केलेत तर पुढे खाद्याची तक्रार करण्याचा तुमचा आधारच जातो. हाती आहे ते हे करा:

- कराराची सही केलेली प्रत स्वतःकडे ठेवा. ती मराठीत मागा. खाद्य खराब निघाल्यास नुकसान कोणी सोसायचे, हे कलम आहे का ते वाचा. नसेल तर पुढच्या लॉटआधी घालून घ्या.
- गाडी उतरताना काही पोती तोला. वजन, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख वहीत लिहा आणि सुपरवायझरची सही घ्या.
- प्रत्येक खेपेच्या दहा पोत्यांतून थोडेथोडे खाद्य काढून एकत्र करा. त्यातला किलोभर नमुना बांधून, चिठ्ठी लावून लॉट विकला जाईपर्यंत कोरड्या जागी ठेवा. भांडण झाले की हाच पुरावा.
- लिटर ओले होणे, वजन मागे पडणे, मर. पहिल्याच दिवशी लेखी कळवा. मोबाइलवर संदेश, फोटो आणि तारीख. तोंडी तक्रार हिशेबाच्या दिवशी कुणाला आठवत नाही.

एफसीआर बिघडला की ग्रोइंग चार्ज कापला जातो. म्हणून हिशेबाच्या पावतीवर किती खाद्य दाखवले आणि तुमच्या वहीत किती, हे पैसे घेण्याआधी ताडून पाहा. वाद मिटत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीसाठी अर्ज करता येतो.

विकत घेतलेले खाद्य किंवा ढेप खराब निघाली तर

पक्के बिल नसेल तर पुढचे सगळे अवघड होते. दोनशे रुपये वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल घेऊ नका. खाद्य निकृष्ट वाटले तर क्रमाने असे जा:

1. वापर थांबवा. उरलेली पोती, लेबल, बिल जपा.
2. विक्रेत्यासमोर, निदान दोन साक्षीदारांसमोर नमुना घ्या. त्याचे तीन भाग करा: एक प्रयोगशाळेला, एक विक्रेत्याला, एक तुमच्याकडे. तिन्ही सीलबंद, तिन्हींवर सह्या.
3. खाद्याची तपासणी आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या काल्फ प्रयोगशाळेत होते. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अकोल्याच्या पदव्युत्तर संस्थेत किंवा परळ, शिरवळच्या महाविद्यालयांत कोणत्या तपासण्या होतात ते आधी फोनवर विचारा. प्रथिने, चोथा, वाळू, अफ्लाटॉक्सिन मागाच. डीओसी असेल तर युरिएज, आणि युरियाची भेसळ कळण्यासाठी प्रथिनेतर नायट्रोजन. युरिया मिसळला की कागदावर प्रथिने वाढतात, कोंबडीला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.
4. मेलेल्या पक्ष्यांचे शवविच्छेदन सरकारी पशुवैद्यकाकडून करून अहवाल घ्या. गरज पडल्यास ते नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवतात.
5. विक्रेत्याला आणि उत्पादकाला रजिस्टर पोस्टाने नोटीस द्या.
6. पोत्यात वजन कमी भरले तर वैधमापन विभागाकडे तक्रार करा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे स्वतः राबून त्यावर पोट भरणारा शेतकरी ‘ग्राहक’ ठरतो, धंद्यासाठी माल घेतला या कारणाने त्याला थेट बाहेर काढता येत नाही. जळगाव किंवा धुळे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि वकील लावण्याची सक्ती नाही. मोठ्या भांडवलाचे, नोकरदार ठेवून चालवलेले फार्म असेल तर मात्र आधी वकिलाचा सल्ला घ्या.

स्वतः खाद्य मिसळायला सुरुवात करणाऱ्यांनी पहिला फॉर्म्युला कुणा दुकानदाराकडून घेऊ नये. रावेर तालुक्यातल्या पालचे, जळगावजवळ ममुराबादचे किंवा धुळ्याचे कृषी विज्ञान केंद्र गाठा, आपल्या मालाचे तपासणी अहवाल सोबत न्या, आणि पशुआहार जाणणाऱ्या पशुवैद्यकाकडून तुमच्याच मक्याच्या, तुमच्याच डीओसीच्या आकड्यांवर फॉर्म्युला बसवून घ्या. नवी खेप आली की अहवाल बदलतो, आणि अहवाल बदलला की फॉर्म्युलाही पुन्हा तपासावा लागतो.